उन्हात न जाता लागलेले ऊन

माझी आत्या वारली ती मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नागपुरात नवतपा चालू असताना. आदल्या रात्री साडेनऊच्या सुमारास मी पुण्याहून तिला फोन केला होता. नागपूरच्या पाऱ्याचा आकडा टीव्हीवर बघितला होता, म्हणून म्हणाले, "आत्या, उन्हात जाऊ नकोस हं."

"अगं, मी कशाला जाते उन्हात? सकाळपासून घरातच तर आहे. तू तिकडे उगाच काळजी करत बसू नकोस."

तिचे बोलणे जरा ओढल्यासारखे वाटले. मुलांच्या शाळा कधी सुरू होतात, हे तिने दोनदा विचारले. मला वाटले, झोप आली असेल. सकाळी दुधाची पिशवी दाराशी तशीच पडलेली पाहून खालच्या मजल्यावरची भाडेकरू बाई वर गेली. आत्या खाटेवर होती, श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. घाईघाईने चादरीत गुंडाळून, रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते. दाखल्यावर कारण लिहिले गेले हृदयक्रिया बंद पडल्याचे. ते खोटे नव्हते. हृदय बंद पडलेच होते.

तेराव्यापर्यंत मी तिथे राहिले. भेटायला येणारे एकच वाक्य बोलत : "आश्चर्यच आहे हो. उन्हात तर त्या गेल्याच नव्हत्या. आणि कूलरही चालूच होता." चौथ्या-पाचव्या दिवशी मी त्या कूलरची टाकी उघडून पाहिली. ती कोरडी ठणठणीत होती. तळाला क्षारांचा पांढरा थर आणि आतले गवत वाळून काडीसारखे झालेले.

मी एकतीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. वहन, अभिसरण, प्रारण, सुप्त उष्मा ही प्रकरणे दर वर्षी फळ्यावर लिहिली. त्या धड्यांतले सगळे काही माझ्या आत्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत त्या रात्री घडले, आणि मला सांगायला सुचले ते एवढेच, की उन्हात जाऊ नकोस. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे उमगले ते या लेखात मांडते आहे. मुद्दा एकच आहे : शहरात उष्णतेने माणूस मरतो तो रस्त्यावर भर दुपारी, अशी आपली समजूत असते. रस्त्यावर मरतोही. पण पुष्कळ माणसे घरात, रात्री आणि एकटी असताना मरतात.

वर्तमानपत्रातला आकडा

आपण रोज वाचतो तो तापमानाचा आकडा कुठून येतो? वेधशाळेच्या आवारात चार पायांवर उभी केलेली, झडपांची, पांढरी लाकडी पेटी असते. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने ती एकोणिसाव्या शतकात तयार केली. ('ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचा मुलगा.) पेटीतल्या तापमापीवर ऊन पडत नाही, वारा मात्र खेळता राहतो, आणि ती जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर असते. म्हणजे हा आकडा मोकळ्या जागेतल्या, सावलीतल्या, वाहत्या हवेचा असतो. सगळ्या गावांची तुलना करायची तर मोजण्याची रीत एकच हवी, म्हणून हे योग्यच आहे.

पण आपण त्या पेटीत राहत नाही. आपण राहतो पत्र्याखाली, स्लॅबखाली, डांबरी रस्त्याच्या कडेला. उन्हातला डांबरी रस्ता किंवा लोखंडी पत्रा साठ अंशांच्या वर सहज जातो. त्यामुळे पेटीतला पारा ४४ दाखवत असताना माणसाच्या अंगाला भिडणारी उष्णता कितीतरी वेगळी असू शकते.

हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्याही अशा नोंदींवरच उभी आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असले आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांहून अधिक वर गेले, की ती लाट. ६.४ अंशांहून अधिक वर गेले तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४५ वर गेला तरी लाट आणि ४७ वर गेला तर तीव्र लाट. किनारपट्टीसाठी मात्र ४० ऐवजी ३७ अंशांची मर्यादा आहे. मुंबईकरांना नागपूरकरांपेक्षा तीन अंशांची सवलत का, याचे उत्तर घामात आहे.

शरीराचा हिशेब

माणूस स्वस्थ पडून असला तरी त्याच्या शरीरात सुमारे शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सतत तयार होत असते. हृदय, यकृत, मेंदू, सगळ्यांचे काम चालू असते. ही उष्णता बाहेर टाकावीच लागते. समजा ती अजिबात बाहेर पडली नाही, तर साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीराचे तापमान तासाला साधारण दीड अंशाने वाढेल. म्हणजे ३७ वरून ४० च्या पुढे जायला दोन-अडीच तास पुरतील.

एरवी त्वचेचे तापमान ३३ ते ३५ अंश असते आणि भोवतालची हवा त्याहून थंड असते, म्हणून उष्णता आपोआप बाहेर वाहते. हवा ३५ च्या पुढे गेली की हा प्रवाह उलटा फिरतो आणि हवाच शरीराला तापवू लागते. मग एकच वाट उरते, ती घामाची. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. स्वस्थ पडलेल्या माणसाची ही जवळजवळ पावणेसात तासांची उष्णता झाली. निसर्गाने दिलेली ही सोय खरोखर मोठी आहे. फक्त अट अशी, की घाम वाळला पाहिजे. निथळून जमिनीवर पडलेल्या घामाने पाणी आणि मीठ तेवढे जाते, थंडावा मिळत नाही.

घाम किती वाळेल हे हवेतल्या ओलाव्यावर ठरते. ते मोजायची सोपी युक्ती त्या पांढऱ्या पेटीतच असते. एका तापमापीच्या फुग्याला ओला कपडा गुंडाळलेला असतो. पाणी वाळताना फुगा थंड होतो, आणि तो जिथे थांबतो ते ओल्या फुग्याचे तापमान. घामाने निथळणारे शरीर जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, याची ती मर्यादाच समजा.

आता दोन शहरे घेऊ. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान येते सुमारे २३. मुंबईत ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ते येते सुमारे २८. मुंबईचा पारा अकरा अंशांनी कमी, पण घाम वाळण्याच्या बाबतीत मुंबईच अधिक वाईट. नागपूरचा धोका निराळा : तिथे घाम वाळतो, पण इतका झपाट्याने वाळतो की अंगातले किती पाणी गेले हे कळतच नाही. अंग कोरडे दिसते, म्हणून माणूस पाणी पीत नाही.

ओल्या फुग्याचे तापमान ३५ झाले तर धडधाकट माणूसही सावलीत, पंख्याखाली काही तासच तग धरील, असे शास्त्रज्ञ २०१० पासून मांडत आले. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. दमट हवेत ३१ च्या आसपासच त्यांच्या शरीराचे तापमान वर सरकू लागले, आवरेना. वयस्कर माणसांची मर्यादा याहूनही खाली असणार, हे उघड आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर दुपारी झालेल्या सोहळ्यात चौदा जणांचा बळी गेला. त्या दिवशी तिथला पारा चाळिशीलाही पोहोचला नव्हता. खाडीकाठची दमट हवा, डोक्यावर उघडे आकाश आणि तासन्‌तास एका जागी दाटीने बसणे, हे सगळे एकत्र आले होते. आकडा लहान होता, उष्णता लहान नव्हती.

अडीच टनांहून जड शेगडी

आता आत्याच्या खोलीकडे वळते. घर तिचे स्वतःचे, एकमजली. तळमजला भाड्याने दिलेला, कारण तेच उत्पन्न होते, आणि ती वर राहत असे. डोक्यावर पाच इंची स्लॅब, त्यावर गच्ची.

दहा बाय दहा फुटांच्या खोलीवरच्या पाच इंची काँक्रीटचे वजन भरते सुमारे २,८०० किलो. दिवसभराच्या उन्हाने त्याचे तापमान १५ अंशांनी वाढले असे धरले, तर त्यात साठलेली उष्णता होते साधारण १० युनिट विजेइतकी. म्हणजे एक हजार वॉटची शेगडी दहा तास पेटती ठेवावी तितकी. यातली बरीचशी रात्री आकाशाकडे जाते, पण उरलेली खाली खोलीत उतरते. गंमत अशी, की काँक्रीटमधून उष्णता सावकाश झिरपते. गच्चीचा वरचा भाग दुपारी दोन-तीनला सर्वांत तापलेला असतो, तर खोलीतले छत सर्वांत गरम होते ते आणखी तीन-चार तासांनी. बाहेर झळा थांबतात, लोक 'आता जरा बरे वाटतेय' म्हणतात, तेव्हा वरच्या मजल्यावर शेगडी पेटलेली असते. खिडकी उघडून हवा आत घेतली तरी छताचे प्रारण थेट अंगावर येतच राहते.

छताखालचा मजला आणि त्याखालचा मजला यांत किती अंतर असते, याचा पुरावा अहमदाबादेत मिळाला. तिथल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. २०१० च्या उन्हाळ्यात उष्णतेमुळे अत्यवस्थ होऊन अतिदक्षता विभागात आणावी लागणारी नवजात बाळे खूप वाढली. पुढे तो कक्ष खालच्या मजल्यावर हलवला आणि अशा बाळांची संख्या निम्म्याहून अधिक घटली. नवे यंत्र आणले नाही, नवे औषध दिले नाही. फक्त डोक्यावरचा तापलेला स्लॅब दूर केला.

हरवलेली रात्र

शहर आजूबाजूच्या गावांपेक्षा गरम असते हे प्रथम पद्धतशीर मोजून दाखवले ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषधनिर्मात्याने. ढगांना क्युम्युलस, स्ट्रॅटस, सिरस ही नावे देणारा हाच. लंडनच्या हवामानावरचा त्याचा पहिला खंड आला १८१८ मध्ये, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडाली त्याच वर्षी. त्याच्या नोंदींत शहर आणि खेडे यांतला फरक दिवसा जवळजवळ नव्हताच. रात्री मात्र लंडन सुमारे दोन अंश सेल्सिअसने गरम होते. म्हणजे शहर जी चोरते ती मुख्यतः रात्र, हे दोनशे वर्षांपूर्वीच दिसले होते.

कारणे आज आपल्याला सहज कळतील. झाडाखालची ओली माती पाणी वाळवून स्वतः थंड होते, डांबराला ती सोय नाही. समोरासमोरच्या उंच भिंती एकमेकींची उष्णता झेलत बसतात, ती आकाशाकडे जाऊ देत नाहीत. वाहने, यंत्रे आणि एसी त्यात भर घालतात. एसी उष्णता नष्ट करत नाही. तो ती आपल्या खोलीतून उचलून शेजाऱ्याच्या खिडकीबाहेर टाकतो, वर स्वतःच्या मोटारीचीही जोडतो.

शरीराला रात्र हवी असते ती केवळ झोपेसाठी नव्हे. दिवसभर हृदयाने त्वचेकडे जास्त रक्त ढकललेले असते. ते काम रात्री हलके व्हायला हवे. रात्री खोली ३५-३६ अंशांवर अडून राहिली, तर हृदयाची दुसरी पाळी सुरू होते, मग तिसरी. म्हणूनच लाटेच्या पहिल्या दिवसापेक्षा तिसरा-चौथा दिवस अधिक घातक ठरतो.

माझ्या लहानपणी नागपूरकर आपली रात्र गच्चीवर मिळवत. संध्याकाळी सहाला आत्या बादल्यांनी गच्चीवर पाणी शिंपडायची. पहिल्या बादलीचे पाणी चर्रकन वाळायचे. चौथ्या बादलीनंतर गच्ची ओली राहायला लागायची. रात्री सतरंज्या पडत, माठ वर जाई, आणि पहाटे अंगावर चादर ओढावी लागे. पाण्याने स्लॅबची उष्णता उडवून लावायची आणि मग उघड्या आकाशाखाली झोपायचे, यात पाठ्यपुस्तकातला सुप्त उष्माही होता आणि प्रारणही. शेवटच्या काही वर्षांत गुडघ्यांमुळे आत्याला जिना चढवेना. पाणी दिवसाआड येऊ लागले. एकटी बाई म्हणून रात्री खिडक्या लावून घेणे आले. शेजारच्या तीनमजली इमारतीने पश्चिमेचा वारा अडवला. यातले एकही कारण कोणाला धोक्याचे वाटले नाही. मलाही नाही.

चालू असलेला कूलर

कूलर म्हणजे त्या ओल्या फुग्याचेच मोठे रूप. कोरडी, गरम हवा ओल्या गवतातून खेचली जाते, पाणी वाळते आणि हवा थंड होते. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो ४३ अंशांची हवा तिशीच्या आत आणू शकतो. मुंबईत मात्र त्याचा उपयोग थोडा, कारण हवाच ओली. नागपुरातही दोन प्रसंगी तो फसतो. खिडक्या-दारे घट्ट बंद केली की ओलावा खोलीत साठतो, म्हणून समोरची एक खिडकी थोडी उघडी हवीच. आणि जूनमध्ये पावसाआधीचे ढग जमले की हवा चिकट होते, तेव्हा कूलर असूनही जीव कासावीस होतो.

तिसरा प्रसंग आत्याचा. टाकीत पाणी नसलेला कूलर हा नुसता पंखा असतो, आणि तो बाहेरची तापलेली हवा अंगावर फेकतो. पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवायला मदत करतो. पण हवा त्वचेहून बरीच गरम असेल, तर वाऱ्याने अंग उलट अधिक तापते, भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखे. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे प्रयोगशाळेत तपासले. ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत पंख्याने फायदा झाला. ४७ अंश आणि १० टक्के आर्द्रतेत त्याच पंख्याने शरीराचे तापमान आणि हृदयावरचा ताण वाढवला. हे प्रयोग तरुणांवर होते. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, म्हणून त्याच्यासाठी पंखा याहून लवकर उलटतो. हवा चाळिशीपलीकडे गेली की नुसत्या पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आत्याच्या कूलरची टाकी रोज खालच्या मजल्यावरचा शाळकरी मुलगा भरत असे. सुट्टी लागल्यावर तो आईच्या माहेरी, मामाकडे गेला होता. आत्या एक-दोन बादल्या स्वतः ओतत असावी, मग तेही जमेनासे झाले असावे. ती रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होती. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यात ही गोळी पाणी बाहेर काढते. रात्री उठावे लागू नये म्हणून ती संध्याकाळी पाणी कमी पीत असे, हे मला भाडेकरू बाईने नंतर सांगितले. फोनवर ओढल्यासारखे वाटलेले बोलणे आणि दोनदा विचारलेला तोच प्रश्न, ही उष्माघाताची सुरुवात होती. मला ती झोप वाटली.

न मोजलेले मृत्यू

आत्याचा मृत्यू उष्माघाताच्या कोणत्याही यादीत नाही. असे किती असतील, हे शोधायचे तर दाखले वाचून उपयोग नाही, एकूण मृत्यू मोजावे लागतात. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला होता. संशोधकांनी त्या महिन्यातले सगळे मृत्यू आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या मे महिन्याशी ताडून पाहिले. फरक निघाला १,३४४ मृत्यूंचा. एका शहरात, एका महिन्यात. यातल्या बहुतेकांच्या दाखल्यांवर हृदय, मूत्रपिंड, श्वास असेच काही लिहिलेले असणार.

या आकड्याने त्या शहराला हलवले. २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला. पारा किती चढेल याचा अंदाज आला, की कोणी काय करायचे हे त्यात आधीच ठरलेले असते : इशारे, पाणपोया, दिवसभर उघडी उद्याने, दवाखान्यांत बर्फ, गरिबांच्या छतांना चुना. पुढच्या मूल्यमापनात, या आराखड्यानंतर वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत असा अंदाज निघाला. नागपूर महापालिकेनेही २०१६ पासून असा आराखडा राबवायला घेतला.

आराखडे हवेतच. पण बंद दारामागच्या एकट्या माणसापर्यंत ते कसे पोहोचणार? जुलै १९९५ मध्ये शिकागोत पाच दिवसांच्या लाटेत ७३९ माणसे दगावली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने त्यावर पुढे एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली आहे. दोन्हीकडे ऊन तेच, गरिबी जवळपास तीच. पण एकीत मृत्यूचे प्रमाण दुसरीच्या जवळजवळ दहापट. जिथे रस्त्यांवर वर्दळ होती, दुकाने चालू होती, म्हातारी माणसे बाहेर पडत आणि दिसली नाहीत तर कोणीतरी चौकशी करी, तिथे माणसे वाचली. ओस पडलेल्या वस्तीतली म्हातारी माणसे दारे-खिडक्या लावून आत बसली आणि आतच गेली. हे वाचताना मला आत्याच्या बंद खिडक्या दिसत होत्या.

करण्यासारखे

आता जे करता येते ते सांगते. यातले काहीच महाग नाही.

गच्ची पांढरी करा. चुन्याचा किंवा उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात एप्रिलच्या आत दिला, तर खालची खोली दोन ते पाच अंशांनी थंड राहू शकते. धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून गच्ची धुवावी. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरणच आणले. पत्र्याचे घर असेल तर पांढरा रंग, वर गवताचा किंवा तट्ट्यांचा थर आणि खाली छत, यातले जमेल ते करावे.

बाहेरची हवा आतल्याहून गरम असेल तोवर खिडक्या बंद आणि पडदे बाहेरच्या बाजूने. काचेच्या आतल्या पडद्यापेक्षा बाहेर बांधलेला वाळ्याचा किंवा गोणपाटाचा पडदा अधिक उपयोगी, कारण ऊन आत येण्याआधीच अडते. बाहेरची हवा थंड झाली की लगेच खिडक्या उघडाव्यात. सुरक्षेची भीती असेल तर जाळीचे दार लावून घेणे हाही उष्णतेवरचाच खर्च समजावा. वरच्या मजल्यावरच्या वृद्धांनी लाटेचे दिवस खालच्या मजल्यावर काढावेत, भाडेकरूच्या ओसरीत का होईना.

अंग ओले करा. घाम कमी येणाऱ्या माणसाला बाहेरून दिलेले पाणी हाच घाम. ओला टॉवेल खांद्यावर, ओले सुती कपडे अंगावर, पाय बादलीत. अंग ओले असेल तर कोरड्या हवेतला पंखाही मदत करतो.

तहानेची वाट न पाहता प्यावे. पन्हे, ताक, लिंबाचे सरबत यांत पाणी, मीठ, साखर तिन्ही असतात, म्हणून आजीचा सल्ला इथे बरोबरच होता. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण लक्षात ठेवावे. खिशातला कांदा मात्र काही करत नाही. तो बाळगायला हरकत नाही, त्याच्या भरवशावर दुपारी बारा वाजता बाहेर पडायला हरकत आहे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाणी किती प्यावे आणि उन्हाळ्यात गोळ्या तशाच चालू ठेवाव्यात का, हे मार्चमध्येच डॉक्टरांना विचारावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

आणि उष्माघात ओळखावा. थकवा, घाम, डोकेदुखी, पायात गोळे, मळमळ ही पहिली पायरी. सावलीत नेऊन, कपडे सैल करून, मीठ-साखरेचे पाणी दिले की माणूस बहुधा सावरतो. पण तो असंबद्ध बोलू लागला, तेच तेच विचारू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. घाम थांबलाच पाहिजे असे नाही, कष्टाचे काम करणाऱ्याला तो येतही असतो. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नये : कपडे काढून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत, मानेवर, जांघेत बर्फ ठेवावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी देऊ नये, हा ताप तिला जुमानत नाही. चादरीत गुंडाळून धावण्याआधीच्या दहा मिनिटांत ओतलेल्या चार बादल्या जीव वाचवू शकतात. आत्याच्या घरी हे कोणालाच माहीत नव्हते. माहीत असते तर ती वाचलीच असती असे मी म्हणत नाही. तिला वाचायची संधी मिळाली असती.

माझी एक मावशी अमरावतीला असते. एकटीच, वरच्या मजल्यावर. एप्रिल-मेमध्ये मी तिला रोज रात्री फोन करते, पण आता 'उन्हात जाऊ नकोस' म्हणत नाही. विचारते : कूलरच्या टाकीत पाणी आहे का, जाऊन बघून ये, मी थांबते. संध्याकाळपासून किती पेले पाणी प्यालीस? लघवी पिवळी होते का? आज कोण घरी येऊन गेलं? पहिल्या वर्षी ती वैतागली. "तू काय मला परीक्षेला बसवलंयस का गं?" म्हणाली. आता फोन उचलल्या उचलल्या स्वतःच सांगते, "टाकी भरलेली आहे, शेजारचा येऊन बघून गेला, आणि मी शुद्धीवर आहे."

मी तरी तिला दुसरा एखादा प्रश्न विचारतेच, आणि ती उत्तर कसे देते ते नीट ऐकते.